कुणाचा मित्र?

जुन्या घरांच्या खिडकीच्या चौकटीत, कोनाड्यात, कधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे मातीचे एक लहानसे घरटे दिसते. ते बांधणाऱ्या कीटकाला मराठी घरांत कुंभारीण म्हणतात. गांधीलमाशीच्या कुळातला हा कीटक तोंडात ओल्या मातीची गोळी धरून येतो, ती बोटभर जागेत थापतो आणि पुन्हा मातीसाठी जातो. घरटे तयार झाले की कुंभारीण कुठून तरी एक हिरवी अळी धरून आणते, तिला आत ढकलते आणि घरट्याचे तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी त्या घरट्याला भोक पडते व त्यातून अळी नव्हे, तर दुसरी कुंभारीणच बाहेर पडते.

आत गेली अळी आणि बाहेर आली कुंभारीण. हे पाहणाऱ्या प्राचीन माणसाने त्याचा जो अर्थ लावला, त्याला भ्रमरकीटन्याय असे नाव मिळाले. भयाने म्हणा किंवा ध्यासाने म्हणा, कोंडलेली अळी अहोरात्र त्या भ्रमरीचेच चिंतन करते आणि अखेर स्वतःच भ्रमरी होते, असे त्याचे तात्पर्य. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांत हा कीटकही आहे. ज्याचे चिंतन करावे तद्रूप व्हावे, हा बोध शतकानुशतके या दृष्टान्ताच्या आधारे सांगितला गेला.

बोध सुंदर आहे. निरीक्षणही खोटे नाही. चूक आहे ती केवळ बंद दाराआड काय घडले याविषयीच्या अनुमानात. कुंभारिणींपैकी काही जाती घरट्यात कोळी भरतात, काही अळ्या. अळ्या भरणारी कुंभारीण अळीला दंश करते, पण ठार मारत नाही. तिची हालचाल तेवढी थांबवते. मेलेली अळी सडली असती, लुळी झालेली अळी ताजी राहते. घरट्याच्या छताला एका बारीक तंतूने कुंभारिणीचे अंडे आधीच टांगलेले असते. त्यातून निघालेले पिल्लू खाली ठेवलेल्या जिवंत शिदोरीवर वाढते. फ्रान्सच्या झाँ आंरी फाब्र या कीटकनिरीक्षकाने हे टांगलेले अंडे व त्याभोवतीचा सारा व्यवहार एकोणिसाव्या शतकात बारकाईने पाहून लिहून ठेवला. म्हणजे अळीचे रूपांतर झालेच नव्हते; ती खाल्ली गेली होती.

असा समज केवळ भारतातच झाला असे नाही. इटलीतील बोलोन्या येथील विद्वान उलिस्से आल्द्रोव्हांदी यांनी १६०२ साली कोबीवरच्या अळीच्या देहातून बाहेर पडणारे बारीक जीव व त्यांचे पिवळे कोश पाहिले. ते कोश त्यांना अंडी वाटले. ती अळीची संततीच नव्हे, परक्याचे पिल्लू अळीच्या आत वाढून बाहेर आले आहे, हे अठराव्या शतकाच्या आरंभी व्हालिस्निएरी या इटालियन वैद्याने स्पष्ट केले. आधीच्या शतकांतल्या माणसांना दिसत नव्हते असे नाही. पण एका जिवाच्या आत दुसरा जीव राहतो व त्याला आतून संपवतो, ही कल्पनाच मनाला सहज शिवत नव्हती.

कुंभारीण निदान घर तरी बांधते. तिच्या दूरच्या भाऊबंदांपैकी हजारो जाती तेही करीत नाहीत. त्या अळीलाच घर करतात. त्यांच्या मादीच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी नळी असते. ती नळी अळीच्या कातडीतून आत जाते, क्षणभर थांबते आणि बाहेर येते. आत एक अंडे राहिलेले असते. केवळ इक्न्यूमोनिडे या एका कुळातच अशा २५ हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. पिसू, ऊ किंवा जळू यांच्या परोपजीवी जगण्याहून हे जगणे निराळे असल्याने त्यासाठी स्वतंत्र संज्ञा हवी, असे फिनलंडच्या रॉयटर या कीटकशास्त्रज्ञाला वाटले व १९१३ साली त्याने ती घडवली. हा भेद व्यापाऱ्याच्या भाषेत सहज सांगता येतो. ऊ व्याज खाते आणि मुद्दल शाबूत ठेवते, कारण मुद्दल बुडाले तर तिचाही संसार बुडेल. ही माशी आधी व्याजावर जगते आणि जाताना मुद्दलही घेऊन जाते.

हा व्यवहार पाहायला परदेशी जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत हरभऱ्याचे शेत उभे असते. पहाटे त्या झाडांवर दवाबरोबर आंब उतरते. पानांवरच्या केसांतून पाझरणारा तो आंबट रस, स्वच्छ फडके पिकावरून फिरवून व पिळून, जुनी माणसे पोटाच्या विकारांसाठी जमा करून ठेवीत. त्याच पानांवर एका करड्या-तपकिरी पतंगाची मादी सुटी सुटी अंडी घालते. त्यातून निघणारी घाटे अळी शेतकऱ्याला आणि भुसार बाजाराला सारखीच परिचित आहे. आरंभी ती पाने खरवडते. मोठी झाली की घाट्याला भोक पाडून डोके आत खुपसते, निम्मे अंग बाहेर ठेवते आणि दाणा पोखरते. एक अळी साधारण ३० ते ४० घाट्यांचे नुकसान करते, असे कृषी खात्याच्या पत्रकांतून सांगितले जाते.

या अळीच्या मागावर कॅम्पोलेटिस क्लोरिडी नावाची एक लहान काळी माशी फिरत असते. मराठीत तिला खास असे नाव नाही, कारण ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. ती कोवळी, लहान अळी हेरते व तिच्यात एकच अंडे घालते. अळीचे शरीरही निमूटपणे हे सोसते असे नाही. परका कण रक्तात आला की अळीच्या रक्तपेशी त्याला चोहोबाजूंनी वेढून गुदमरवून टाकतात. माशीपाशी यावर तोड आहे. अंड्याबरोबर ती अत्यंत सूक्ष्म असे विषाणुकणही आत सोडते. हे विषाणू तिला कुठून लागलेले नसतात; ते घडवण्याची सूचना तिच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच लिहिलेली असते आणि तिच्या अंडाशयाच्या एका भागात ते तयार होतात. अळीच्या देहात शिरून ते तिचे पहारेकरी निकामी करतात. अंडे सुरक्षित राहते.

मग माशीचे पिल्लू अळीच्या रक्तरसावर वाढू लागते. अळी चालते, थोडेफार खाते, बाहेरून पाहणाऱ्याला ती जिवंत व धडधाकट वाटते. पण तिची भूक मंदावते, वाढ खुंटते. ज्या अवस्थेत ती घाटे फस्त करू लागली असती, त्या अवस्थेपर्यंत ती पोहोचतच नाही. पूर्ण वाढलेले पिल्लू तिच्या देहाबाहेर पडते आणि तिथेच पानावर स्वतःभोवती पांढुरका, काळे ठिपके असलेला कोश विणते. कोशाला चिकटून अळीची सुरकुतलेली कातडी तेवढी उरते. काही दिवसांनी त्या कोशातून नवी काळी माशी निघून जाते.

यात आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे झाड. १९९० साली अमेरिकेत टर्लिंग्ज, टमलिन्सन व लुईस या संशोधकांनी मक्याच्या रोपांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. अळीने पान कुरतडले आणि तिची लाळ जखमेत मिसळली की रोप विशिष्ट गंध सोडते व त्या गंधाच्या मागाने परोपजीवी माशी येते, असे त्यांना आढळले. नुसत्या कात्रीच्या जखमेने तसा गंध सुटत नाही. झाड जणू आपल्या घरात कोण शिरले आहे याची वर्दी देते. मात्र ही वर्दी ऐकणारी ती माशी एकटीच नसते. ज्या अळीच्या पोटात माशीचे पिल्लू आहे, तिने कुरतडलेल्या कोबीचा गंध थोडा वेगळा असतो आणि तो ओळखून तिसरीच एक माशी येते, असे नेदरलंड्समधील वाखनिंगन येथील संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले. ही तिसरी माशी पहिल्या माशीच्या कोशात आपले अंडे घालते. म्हणजे भक्षकाच्या आतही भक्षक आहे. या वहीत शेवटची बेरीज कुठे मांडायची, तेच कळत नाही.

या जिवांनी एका फार मोठ्या माणसाचीही झोप उडवली होती. चार्ल्स डार्विन यांनी मे १८६० मध्ये अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ असा ग्रे यांना पत्र लिहिले. जगात सर्वत्र मंगल योजना दिसते, असे इतरांना वाटते तसे आपल्याला वाटत नाही, असे त्यांनी त्यात कबूल केले. दयाळू व सर्वशक्तिमान ईश्वराने अळीचा जिवंत देह आतून खाण्यासाठीच या माश्या हेतुपुरस्सर निर्माण केल्या, हे आपल्या मनाला पटवता येत नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. सृष्टीचा कर्ता कुणी दयाळू देव आहे असे मानणाऱ्या समाजात त्या पत्रातला प्रश्न कठीण होता. जैन विचारात सृष्टीचा असा कुणी कर्ता मानलेला नाही. त्यामुळे त्या रूपात तो प्रश्न येथे उभा राहत नाही. पण तो सुटतो असेही नाही. तो केवळ ईश्वराच्या दारातून उठून माणसाच्या दारात येऊन बसतो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तो एका घराच्या ओसरीवर असाच येऊन बसला. घर तीन पिढ्यांच्या भुसार आडतीचे. आजोबांनी आयुष्यभर हरभरा, तूर आणि ज्वारी यांची पोती पारखली. आता ते सकाळी सामायिक करून तासभर दुकानात बसतात. मुलाने आडतीशेजारच्या गाळ्यात बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे दुकान घातले आहे. नात कृषी महाविद्यालयात शिकते. जानेवारीच्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिच्यापाशी जाळीचे झाकण लावलेली एक प्लास्टिकची डबी होती. डबीत हरभऱ्याचा डहाळा, त्यावर एक मरगळलेली अळी आणि एक पांढुरका कोश होता.

आजोबांनी चष्मा पुसून डबी डोळ्यांजवळ नेली. नातीने सगळे समजावून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाळ, हिच्या पोटातही आहे का ते?”

“असावं आबा. तिनं परवापासून पान खाल्लं नाही.”

“मग हिला सोडवता येणार नाही?”

“नाही आबा. सोडवायला गेलं तर दोघंही मरतील.”

“आणि हा कोश वेळीच बाजूला केला असता, तर पुढच्या अळ्या वाचल्या असत्या.”

“वाचल्या असत्या, पण त्यांनी घाटे पोखरले असते आणि शेतकरी फवारायला निघाला असता. म्हणून तर याला आम्ही मित्रकीटक म्हणतो.”

“कुणाचा मित्र?” आजोबांनी विचारले.

त्या प्रश्नाला तिच्या पुस्तकात उत्तर नव्हते, आणि ते प्रामाणिकपणे मान्य करण्याइतकी ती समजूतदार होती. मित्र आणि शत्रू ही नावे माणसाने आपल्या पिकाच्या बाजूने दिलेली आहेत. माशीला शेतकरी ठाऊक नाही. अळीचा हरभऱ्यावर राग नाही. जैन शास्त्रांनी भ्रमर, माशी यांसारखे जीव चतुरिंद्रिय गटात घातले आणि चतुरिंद्रियांपर्यंतच्या सर्व जीवांना असंज्ञी, म्हणजे हित-अहिताचा विचार करणारे मन नसलेले, मानले. या शब्दाचे महत्त्व त्या डबीसमोर बसल्यावर कळते. माशीपुढे दुसरा मार्ग कधी नव्हताच. तिला क्रूर म्हणणे जितके चुकीचे, तितकेच तिला शेतकऱ्याची सेविका म्हणणेही चुकीचे. दोन्ही विशेषणे मन असलेल्या प्राण्यासाठी आहेत आणि त्या ओसरीवर तसे प्राणी दोनच होते: एक आजोबा आणि एक नात. तिसरा शेजारच्या गाळ्यात गिऱ्हाईक करीत होता.

खरी अडचण त्या गाळ्यातच होती. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते, हे आजोबांना लहानपणापासून पाठ होते. मुलाने दुकान काढले तेव्हा त्यांनी ते एकदा बोलूनही दाखवले होते. मुलाचे उत्तरही पोकळ नव्हते. “बाबा, शेतकऱ्याचं पीक गेलं तर आपली उधारीही गेली आणि त्याचं घरही गेलं. त्याच्या घरातल्या माणसांची दया कुणी करायची?” आडतीच्या वहीतली नावे पाहत आयुष्य गेलेल्या माणसाला हे नाकारता येण्याजोगे नव्हते. तेव्हापासून तो विषय घरात निघाला नव्हता. बाजारात विषाच्या बाटलीला सगळेच ‘औषध’ म्हणतात. त्या शब्दाने घरातही बरीच शांतता राखली होती.

नातीने सांगितलेली एक गोष्ट मात्र आजोबांच्या मनातून जाईना. फवारणी झाली की अळ्यांच्या आधी माश्याच मरतात, कारण अळी घाट्यात डोके खुपसून असते आणि माशी उघड्यावर उडत असते. ज्या अळीच्या पोटात पिल्लू आहे, ती मेली की पिल्लूही मेले. मागे राहिलेल्या अळ्यांना मग कुणी वाली उरत नाही, म्हणजे कुणी काळही उरत नाही, आणि दुसरी फवारणी लागते. आजोबांनी हिशेब मांडला. एक बाटली विकली की एक जीव नव्हे, एक सबंध वसाहत खर्ची पडते. आणि दुसऱ्या बाटलीची गरजही पहिलीच निर्माण करते.

यावर उपाय म्हणून नातीने मित्रकीटक विकत आणण्याची गोष्ट काढली, तेव्हा तिथेही एक पेच निघाला. ट्रायकोकार्ड नावाची जी पट्टी उसाच्या शेतात खोडकिड्यासाठी लावतात, तिच्यावर सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. ती अंडी तांदळाच्या पतंगाची. गोदामात तांदळाला व ज्वारीला जाळी धरते, ती याच पतंगाच्या अळीमुळे. प्रयोगशाळेत भरडलेल्या धान्यावर तो मुद्दाम वाढवतात, त्याची अंडी गोळा करतात आणि त्यांत ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म माशीला अंडी घालू देतात. म्हणजे एका किडीला मारण्यासाठी दुसऱ्या किडीची लाखो अंडी जन्माला घालून खर्च करायची. विषापेक्षा हे सौम्य खरे. माती, पाणी आणि माणूस यांना त्याने बाधा होत नाही. पण याला अहिंसा म्हणणे आजोबांना जड गेले. शिवाय हरभऱ्याच्या आंबट पानांवर ट्रायकोग्रामाचे फारसे चालत नाही, हे नातीने सांगितल्यावर तो विषय तिथेच थांबला.

हरभऱ्याच्या शेतातली काळी माशी मात्र कुणी आणलेली नसते. ती आपण होऊन येते. तिला हवा असतो थोडा मध. बांधाला किंवा ओळींमध्ये कोथिंबीर पेरून ती फुलू दिली, तर प्रौढ माशी त्या फुलांवर पोट भरते आणि शेतात टिकते. आणि तिला हवी असते माणसाने घाई न करण्याची सवलत. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागेपर्यंत फवारणीची गरज नसते, असे शिफारशीतच म्हटलेले आहे. ही शिफारस मुलाच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेली होती. गिऱ्हाइकांपैकी कुणी ती वाचत नव्हते आणि विक्रेत्यालाही वाचून दाखवण्याची निकड नव्हती.

तेव्हापासून सकाळच्या त्या तासात आजोबा आडतीत न बसता शेजारच्या गाळ्यात बसतात. कुणी येऊन “शेठ, अळी लागलीय, औषध द्या” म्हणाला की ते विचारतात, “मोजली का?” बहुतेकांनी मोजलेली नसते. मग ते सांगतात, “शेतात दहा ठिकाणी मीटरभर ओळ धरा, झाड हलवून खाली पडलेल्या अळ्या मोजा. पानांवर पांढरा, काळ्या ठिपक्यांचा कोश दिसला तर त्याला हात लावू नका. तो किती ठिकाणी दिसला, तेही मला सांगा.” काहीजण हसतात आणि पुढच्या दुकानात जातात. काहीजण दुसऱ्या दिवशी आकडे घेऊन येतात. त्यांच्यातल्या काहींना बाटली द्यावीच लागते, आणि ती देताना आजोबांचा चेहरा उतरतो. काहीजण रिकाम्या हाताने परततात. मुलगा म्हणतो, “बाबा, अशानं दुकान चालायचं नाही.” आजोबा म्हणतात, “आडतही अशीच चालली होती. खोटं वजन न करता.” त्या हंगामात बाटल्या कमी खपल्या, हे दोघांनाही ठाऊक आहे, तो विषय अजून मिटलेला नाही.

निसर्गात दया शोधू गेल्यास ती सापडत नाही. तशी क्रूरताही सापडत नाही. कुंभारिणीच्या घरट्यात पूर्वजांनी ध्यान पाहिले, डार्विन यांना तिथे ईश्वराविषयीची शंका दिसली, कृषिशास्त्राला मित्र दिसला. माशीने यांपैकी काहीच केले नव्हते. तिच्या वागण्यातून दयेचा धडा निघत नाही आणि हिंसेला परवानाही मिळत नाही. निसर्गातही सगळे एकमेकांना खातातच, मग माणसाने थोडे खाल्ले तर काय बिघडले, असे म्हणणारा आपले मन असंज्ञी जीवाच्या पदरी टाकून मोकळा होऊ पाहतो. मन ज्याला मिळाले आहे, त्याला तेवढी सोय नाही. एखाद्या शेतात काय काय जगते आहे, कोण कुणाच्या आत आहे, आणि एका हाताच्या फवाऱ्याने त्यांतले किती जण एकदम जातील, हे जाणून घेतल्यानंतर त्याला निदान मोजावे तरी लागते. मोजायला वेळ लागतो. आणि तेवढ्या वेळात एखाद्या कोशातून माशी बाहेर पडून उडून गेलेली असते.